कान टोचा, पण डोळे उघडे ठेवून

गोरेगाव म्हटले की अनेकांना मुंबईचे उपनगर आणि तिथली चित्रनगरी आठवते. आम्ही म्हणतो ते गोरेगाव ते नव्हे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले हे गोरेगाव. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळदीच्या पट्ट्यातले. २०२३ साली कर्जाने पिचलेल्या इथल्या शेतकऱ्यांनी 'आमचे अवयव विकत घ्या' अशी मागणी थेट सरकारकडे केली, तेव्हा या गावाचे नाव राज्यभर झाले. ज्या गावात माणसावर स्वतःच्या अवयवांचा भाव सांगण्याची वेळ येते, त्या गावात कान टोचण्याच्या विषयावर लिहिणे म्हणजे रिकामटेकडेपणा, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. गरिबाकडे शेत नसेल, नोकरी नसेल, पण शरीर असते. ते शाबूत राहिले तर उद्याची मजुरी, उद्याची परीक्षा, उद्याची मुलाखत शक्य आहे. म्हणून शरीराचा कोणताही प्रश्न किरकोळ समजण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

विषय साधा आहे. आज गोरेगावपासून हिंगोली-नांदेडपर्यंत कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली कानाच्या पाळीवर थांबत नाहीत. पाळीच्या वर, कानाच्या कडेला, जिथे कान कडक लागतो तिथे दुसरे-तिसरे भोक पाडून घेतात. मुलेही मागे नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत गळ्यात निळा पंचा आणि कानाच्या वरच्या कडेला बारीकशी बाळी, असे तरुण आता सर्रास दिसतात. हे भोक कोणी सोनाराकडे पाडून घेतो, कोणी ब्युटी पार्लरमध्ये, कोणी जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या दुकानात. पाच मिनिटांचे काम असते. पण त्या पाच मिनिटांनंतर पुढचे सहा महिने ते वर्षभर त्या कानाचे काय करायचे, हे सांगणारा कोणी नसतो. याच जागी मुली फसतात.

आधी एक गैरसमज दूर करू. कानाची वरची कड टोचणे हे काही शहरातून आलेले खूळ नाही. आपल्या आज्यांच्या कानांकडे पाहा. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायांचे कान पाळीपासून वरपर्यंत टोचलेले आढळतात. कानाच्या वरच्या भागात घालायची ती बुगडी. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' चित्रपटातल्या लावणीने ती घराघरांत माहीत झाली, पण बाईच्या कानात ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पुरुषांच्या कानाच्या वरच्या भागात घालायची ती भिकबाळी. पेशवाईतल्या सरदार-ब्राह्मणांची ती खूण. मधल्या काळात ती मागे पडली आणि गेल्या काही वर्षांत ढोल-ताशा पथकांमधून, चित्रपट-मालिकांमधून पुन्हा मिरवू लागली. म्हणजे भोक जुनेच आहे. नवे आहे ते टोचणारे यंत्र, नवा आहे दागिन्याचा धातू आणि नवी आहे घाई.

आता प्रश्न येतो आपल्या समाजाचा. दागिना ही आपल्यासाठी कधीच केवळ हौसेची गोष्ट नव्हती. कोणी काय घालावे हे इथे जातीने ठरवलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी लोखंडाचे दागिने घालावेत असे फर्मान आहे. हे केवळ पोथीत राहिले असे समजू नका. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलायांना जी कलमे ऐकवली, त्यांत त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत हे एक कलम होते. डिसेंबर १९३० मध्ये तिकडे दक्षिणेत रामनाड जिल्ह्यात कल्लर जातीच्या लोकांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या लादल्या. त्यांतही सोन्याचांदीच्या दागिन्यांना मनाई होती. ज्यांनी ऐकले नाही त्यांची घरे जाळली गेली. ज्या कानात सोने घालण्यावरून माणसांची घरे जळाली, त्या कानाचा इतिहास आपण विसरू शकत नाही.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती दहनाच्या त्या परिषदेत, बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. तुमचे लुगडे नेसण्याची पद्धत, गळाभर माळा आणि हातभर कथला-चांदीचे दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या पुसून टाका, असा त्या भाषणाचा आशय होता. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका, पण स्वच्छ राहा, असे त्यांनी बजावले. त्याच वेळी लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी आपल्या आयाबायांना घोळदार लुगडे नेसायला मदत केली. आयाबाया परत गेल्या त्या बदलूनच.

हा प्रसंग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो आणि सांगितलाही पाहिजे. पण तो सांगून आजच्या मुलीला 'बाबासाहेबांनी दागिने टाकायला सांगितले आणि तू कानाला भोके पाडत फिरतेस' असे दरडावणारे काही कार्यकर्ते आहेत. त्यांना आमचा नम्र सवाल आहे. बाबासाहेबांचा रोख दागिन्यावर होता की दागिन्यातून ओळखल्या जाणाऱ्या गुलामीवर? जो दागिना दुसऱ्याने तुमची जागा दाखवण्यासाठी अंगावर चढवला, तो त्यांनी फेकायला लावला. जी वस्तू मुलगी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या कानात घालते, तिच्यावर बंदी घालण्याचा अधिकार त्या भाषणातून कोणालाही मिळत नाही. नाही तर बलायांना कलमे ऐकवणारे आणि आपण यांत फरक तो काय उरला? मुलीच्या कानावर पंचायत बसवणे हे परिवर्तन नव्हे. त्याच भाषणातला दुसरा धडा मात्र आज तंतोतंत लागू आहे. तो धडा स्वच्छतेचा. कान टोचायचा की नाही हे तिने ठरवावे. टोचलेला कान कसा सांभाळायचा हे तिला माहीत करून देणे ही आपली जबाबदारी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कानाची पाळी आणि कानाची वरची कड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरची कड मात्र कूर्चेची असते. कूर्चा म्हणजे ते वाकणारे, कुरकुरीत हाड. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर असलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. रक्त कमी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशीही तिथे उशिरा पोचतात, औषधही उशिरा पोचते. म्हणून वरच्या कडेची जखम पूर्ण भरायला सहा महिने ते एक वर्ष लागते. वरून भोक सुकलेले दिसते, पण आतून ते कच्चेच असते. 'पाळी टोचली तेव्हा काही झाले नाही, आता काय होणार?' हा हिशेब इथे चुकतो.

या जागी जंतुसंसर्ग झाला तर तो बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू पाण्यात आणि ओलाव्यात वाढतो. तो कूर्चेच्या आवरणाखाली शिरला की तिथे पू साठतो, आवरण कूर्चेपासून सुटते आणि पोषण तुटल्याने कूर्चा मरते. मेलेली कूर्चा परत येत नाही. कान आकसतो, चुरगळल्यासारखा, फुलकोबीसारखा होतो. तो पूर्ववत करायची शस्त्रक्रिया अवघड असते, खर्चिक असते आणि तरीही कान पहिल्यासारखा होईलच याची खात्री नसते.

हे घाबरवण्यासाठी आम्ही सांगत नाही. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हे घडले आहे. तिथल्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेल्यांपैकी ७ जणांना या जंतूचा संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले आणि आणखी १८ जण संशयित निघाले. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. शोध घेतला तेव्हा सापडले काय? टोचण्यापूर्वी जे जंतुनाशक वापरत होते, त्याच्या बाटलीतच जंतू होते. एकदाच वापरून टाकून द्यायची बाटली पुन्हा पुन्हा भरली जात होती. शिवाय बहुतेकांना सुरुवातीला जे प्रतिजैविक औषध दिले गेले, ते या जंतूवर चालणारेच नव्हते. २००४ साली हा अभ्यास तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेसारख्या देशात, जिथे आरोग्य खाते दुकानापर्यंत जाऊन तपास करते, तिथे हे झाले. आपल्याकडे जत्रेतल्या दुकानातली बाटली कोण तपासतो? आणि कान बिघडलाच तर त्याची नोंद तरी कुठे होते?

तेव्हा टोचायचे कुठे, हा पहिला प्रश्न. आपल्या गावचा सोनार पिढ्यान्‌पिढ्या कान टोचत आला आहे. त्याचा हात सरावलेला असतो, त्याची तार अणकुचीदार असते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हात सरावलेला आहे म्हणजे हात स्वच्छ आहे असे नाही. शहरी दुकानांत आणि पार्लरमध्ये टोचायची बंदूक असते. ती खटकन वाजते, मुलीला वाटते काम झाले. ही बंदूक बोथट खडा स्प्रिंगच्या जोरावर कानात घुसवते. पाळीसाठी ती एक वेळ चालून जाते, पण कूर्चेला तो दणका झेपत नाही. दुसरे असे की, तिचा प्लास्टिकचा भाग दवाखान्यातल्या उपकरणांसारखा वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. एकाचे रक्त तिच्यावर उडाले तर ते स्पिरिटच्या बोळ्याने पुरते निघेल याची हमी नाही. म्हणून कानाच्या वरच्या कडेसाठी बंदूक नकोच. एकदाच वापरायची, सीलबंद पाकिटातली, आतून पोकळ असलेली सुई हाच योग्य मार्ग. कान-नाक-घशाचे किंवा त्वचेचे डॉक्टर हे काम करतात. शहरातले प्रशिक्षित टोचणारेही करतात. शक्य असेल तर डॉक्टरकडेच जावे.

आणि सोनाराकडेच जायचे असेल तर चार गोष्टी तोंड उघडून विचाराव्यात. सुई किंवा तार नवी आहे का? पाकीट माझ्यासमोर फोडणार का? हात साबणाने धुऊन नवे हातमोजे घालणार का? घालायचा दागिना निर्जंतुक केला आहे का? यातल्या एकाचेही उत्तर 'काही होत नाही' असे आले, तर सरळ उठून यावे. विचारण्यात लाज कसली? आपण पैसे मोजतो, उपकार घेत नाही. शतकानुशतके दुकानाच्या पायरीखाली उभे राहून मिळेल ते मुकाट घेण्याची सवय आपल्या अंगात मुरवली गेली. ती मोडायची सुरुवात अशाही ठिकाणी होऊ शकते.

सुईची एवढी काळजी कशासाठी? कारण अस्वच्छ सुईतून कावीळ 'ब' आणि 'क', एचआयव्ही यांचा प्रसार होऊ शकतो. कावीळ 'ब'ची लस आपल्या देशभरातल्या सरकारी लसीकरणात २०११ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्या कित्येक मुला-मुलींना ती मिळालेलीच नाही. धनुर्वाताची गोष्टही तशीच. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. शाळा सुटलेल्या, लग्न होऊन लवकर सासरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या मुलींची ती राहून जाते. कान टोचण्यापूर्वी आपले लसीकरण झाले आहे की नाही हे आशाताईंना विचारा. मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, रक्त लवकर थांबत नसेल किंवा घरात कोणाच्या जखमेवर गाठीसारखा वाढीव व्रण उठत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानाला हात लावू देऊ नका. हा वाढीव व्रण, ज्याला केलॉइड म्हणतात, सावळ्या-काळ्या कातडीत जास्त आढळतो आणि तो नुसता कापून काढला तर पुन्हा उगवतो.

दुसरा प्रश्न दागिन्याचा. बाजारात मिळणाऱ्या खोट्या, मुलामा दिलेल्या दागिन्यांत निकेल असते. मुलामा उडाला की निकेल कातडीला लागते आणि कान खाजतो, पाणी सुटते, चट्टे उठतात. पुष्कळ जणी याला 'मला खोटे चालत नाही' म्हणतात, ते यामुळेच. ताज्या जखमेत असला दागिना अजिबात नको. शरीरात बसवायच्या दर्जाचे टायटॅनियम सर्वांत चांगले. निकेल नसलेले सोनेही चालते. शस्त्रक्रियेच्या दर्जाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या पोलादातही थोडे निकेल असतेच, पण ते सहसा बाहेर पडत नाही, म्हणून ज्यांना निकेलचा त्रास नाही त्यांना ते चालू शकते. मनूने आपल्याला लोखंड नेमून दिले होते, म्हणून काही घरांत सोन्याशिवाय दुसरा धातू अंगाला लावायचा नाही असा हट्ट असतो. त्या हट्टामागची जखम आम्हाला कळते. पण आज धातू कातडीला काय सोसते ते पाहून निवडायचा आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेपेक्षा साधे टायटॅनियम कधीही बरे. दांडी किंचित लांब असावी, कारण पहिले काही दिवस कान सुजतो. घट्ट दागिना सुजेत रुततो आणि मग तो काढायलाही डॉक्टर लागतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निगा राखण्याचा. आपला जिल्हाच हळदीचा. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. त्यामुळे कान टोचला की हळद आणि खोबरेल तेलाचा लेप लावणे हा प्रत्येक घरचा रिवाज. आज्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण घरची कुटलेली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाचा थर जखमेतला स्राव अडवून ओलावा धरून ठेवतो. कूर्चेच्या जखमेला हा ओलावाच घातक आहे. तेव्हा हळद भाजीत घाला, कानात नको. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, राख, गोमूत्र, चुना यांतले काहीही नको.

लागते ते अगदी थोडे. औषधाच्या दुकानात ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाईन मिळते. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. कापसाऐवजी स्वच्छ जाळीचा तुकडा सलाईनमध्ये भिजवून दिवसातून दोनदा भोकाच्या पुढून आणि मागून हलकेच लावावा. सुटलेली खपली अलगद निघाली तर काढावी, ओढून काढू नये. नंतर कोरड्या जाळीने टिपावे. सलाईनची मोठी बाटली एकदा फोडली की महिनाभर वापरायची नाही, फोडलेल्या बाटलीत जंतू वाढतात. ओरेगॉनचा धडा लक्षात ठेवा. दागिना गोल गोल फिरवत बसू नये. फिरवला नाही तर चिकटेल ही जुनी समजूत आहे. फिरवल्याने आतली ताजी कातडी पुन्हा पुन्हा फाटते. हाताने तर तिथे विनाकारण स्पर्शही नको.

त्या कानावर झोपू नये. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी धुऊन उन्हात वाळवावा. मोबाइल दुसऱ्या कानाला लावावा. केस बांधून ठेवावेत. उन्हाने आणि धुळीने वैतागून आपल्या मुली स्कूटीवर, एसटीत, शेतात तोंडाला आणि कानाला स्कार्फ घट्ट बांधतात. तो सैल ठेवावा आणि रोज धुवावा. शेतमजुरी करणाऱ्या बाईला फवारणीच्या काळात कान टोचून घ्यायला आमचे स्पष्ट नाही म्हणणे आहे. औषधाचा हात कानाला लागतोच. विहीर, तळे, नदी यांत डुबकी मारणे जखम भरेपर्यंत बंद. कारण जंतू राहतो तो तिथेच. दागिना बदलण्याची घाई करू नये, निदान जखम पूर्ण भरेपर्यंत तरी.

एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करतो. सोने परवडत नाही म्हणून भोक बुजू नये यासाठी कडुनिंबाची किंवा केरसुणीची काडी घालून ठेवणाऱ्या बायका आजही आपल्या वस्त्यांत आहेत. हे दारिद्र्याने शिकवलेले शहाणपण आहे. त्याला हसू नये. पण ज्या केरसुणीने अंगण झाडले, तिची काडी जखमेत घालणे म्हणजे धनुर्वाताला दार उघडून देणे. भोक बुजले तर बुजू द्यावे. पैसे जमले की पुन्हा टोचता येते. जीव पुन्हा येत नाही.

आता धोक्याची लक्षणे. पहिले काही दिवस थोडी लाली, थोडी सूज, थोडे पांढरट पाणी येणे हे नेहमीचे आहे. पण ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला, कानाचा वरचा भाग लालभडक, गरम आणि सुजलेला झाला, पाळी मात्र तशीच राहिली, हिरवट-पिवळा पू आला, ताप आला किंवा कानाची घडी सुजेत नाहीशी झाली, तर एक दिवसही थांबू नका. हा कूर्चेचा संसर्ग असू शकतो. इथे कंपाउंडरकडून दोन दुखीच्या गोळ्या आणि सर्दी-खोकल्याचे प्रतिजैविक आणून आठवडा काढणे म्हणजे कान गमावणे. या जंतूवर नेहमीची अमॉक्सिसिलिनसारखी औषधे चालत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातले औषध सहसा लागते. पण कोणाला कोणते आणि किती द्यायचे हे वय, गरोदरपण आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतात. पू साठला असेल तर तो चिरून काढावाच लागतो. दागिना ठेवायचा की काढायचा हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या. आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि तिथून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. हिंगोलीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, २०२४ साली ते सुरू झाले. नांदेडचे तर जुनेच आहे. आपल्या कराच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थांत जाणे हा आपला हक्क आहे. 'एवढ्याशा कानासाठी कशाला आलीस?' असे कोणी म्हटले तर मान खाली घालून परतू नका.

कान टोचण्याभोवती समजुतींचे जाळेही मोठे आहे. अमुक जागी टोचले की अर्धशिशी थांबते, तमुक जागी टोचले की दमा जातो, बुद्धी तल्लख होते, अशा जाहिराती आता मोबाइलवरून फिरतात. याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. मूल जगावे म्हणून त्याचा कान टोचायचा, त्याला भीक मागून आणलेल्या सोन्याची बाळी घालायची, हाही जुना समज. भिकबाळी हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. मुले जगू लागली ती बाळीने नव्हे, लसीने, स्वच्छ पाण्याने आणि आईला मिळालेल्या चार घासांनी. परंपरेने चालत आले किंवा थोर माणसाने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. कानापुरते तरी आपण ते अमलात आणूया. हौस म्हणून टोचायचे असेल तर खुशाल टोचा. औषध म्हणून टोचू नका. आणि ज्या बाळाला स्वतःची हौस सांगता येत नाही, त्याच्या कानाची वरची कड टोचण्याचे तर काही कारणच नाही.

शेवटी काही मागण्या, कारण सगळा भार मुलीच्या शिरावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. किशोरवयीन मुला-मुलींच्या बैठकांत पाळी, रक्तक्षय, व्यसन यांवर बोलले जाते. त्यात टोचणे आणि गोंदणे यांच्या स्वच्छतेवर दहा मिनिटे दिली तर काय बिघडेल? दसऱ्याच्या प्रदर्शनात, जत्रांत, आपल्या स्वतःच्या जयंती-महोत्सवांत जी टोचण्या-गोंदण्याची दुकाने लागतात, त्यांना जागा देताना नवी सुई आणि नवे हातमोजे ही अट संयोजकांनी घालावी. निदान आपल्या उत्सव समित्यांना यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. गावच्या सोनारांना बोलावून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तासभर माहिती द्यावी. शत्रू म्हणून नव्हे, कामातले सोबती म्हणून. आणि बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर जमणाऱ्या महिला मंडळांनी हा विषय एकदा तरी चर्चेला घ्यावा.

आमच्या गोरेगावच्या मुलीने कान टोचला म्हणून चळवळ बुडणार नाही आणि नाही टोचला म्हणून ती तरणारही नाही. पण माहितीअभावी तिचा कान सडला, परीक्षेच्या दिवसांत ती तापाने फणफणली, बापाला दवाखान्यासाठी पुन्हा सावकाराच्या दारात उभे राहावे लागले, तर ते अपयश आपल्या सर्वांचे असेल. आपल्या आयाबायांनी महाडहून परतताना गुलामीच्या खुणा उतरवल्या. त्यांच्या पणतींनी आपल्या कानात काय घालावे हे स्वतः ठरवावे. फक्त घालण्यापूर्वी सुई नवी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कान पुढे करू नये.